खरा बहिरा 'हो' म्हणतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत शेवटच्या पानावर आपण दोन बहिऱ्यांचा विनोद छापला आहे. जळगावला चाललास का, असं एक विचारतो. दुसरा म्हणतो, नाही, जळगावला चाललो. पहिला म्हणतो, अस्सं होय, मला वाटलं जळगावला चाललास. आमच्याकडे हा विनोद अहिराणीत सांगतात आणि त्याला खरी चव तिथेच आहे. "जयगावले चालना का भो?" "नही भो, जयगावले चालनू." मी तो १९८१ साली ऐकला, जिनिंगमधल्या (कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यातल्या) माझ्या पहिल्या सीझनला, डबा खाताना. पोट धरून हसलो होतो. परवा वाचला तेव्हाही हसू आलं, त्यामुळे तक्रार म्हणून हे पत्र लिहीत नाही.

पण त्या विनोदात एक चूक आहे. ती दाखवायचा अधिकार मला आहे असं वाटतं, कारण मी स्वतः आता तसा माणूस आहे. ज्याला ऐकू येत नाही तो कधीही 'नाही' म्हणत नाही. तो 'हो' म्हणतो. 'नाही' म्हटलं की समोरचा विचारतो, का नाही? मग पुढचं बोलणं आलं, ते पुन्हा ऐकणं आलं. 'हो' म्हटलं की समोरचा खूष होतो आणि निघून जातो. मान हलवायची, थोडं हसायचं, 'हो हो, बरोबर' म्हणायचं. ही विद्या कोणी शिकवत नाही, आपोआप येते. मला ती इतकी छान येत होती की घरच्यांना आठ-दहा वर्षं पत्ता लागला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

माझं वय ६७. धरणगाव तालुक्यात राहतो. १९८१ ते २०१५ अशी चौतीस वर्षं जिनिंगमध्ये फिटर होतो. ज्यांनी जिनिंग आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका शेडमध्ये २४ डबल रोलर मशीन ओळीने. कापूस वरून पडतो, रोलर रुई ओढून घेतो, सुरी वरखाली होऊन सरकी तोडते. एकेका मशीनची खडखड, त्यात पट्ट्यांचा आणि पंख्यांचा घरघराट. दसरा-दिवाळीला सीझन सुरू झाला की मार्च-एप्रिलपर्यंत ते थांबायचं नाही, आणि माल जोरात असला की बारा-बारा तासांची पाळी. आत कोणी कोणाशी बोलत नसे. बोट वर केलं की बिडी, हात पोटावर मारला की डबा, मनगटावर दोन बोटं ठेवली की वाजले किती. नवीन पोरगा आला की आठ दिवसांत शिकायचा. आम्हाला त्याची गंमत वाटायची. संध्याकाळी बाहेर आलो की कानात शीळ वाजत राहायची, जेवताना बायको बोलली की लांबून बोलल्यासारखी वाटायची. रात्री झोपलं की सकाळी मोकळं. मग एक वर्ष असं आलं की ती शीळ सकाळीही गेली नाही. ती आजही आहे. आत्ता हे लिहितानाही आहे. रातकिड्यासारखा आवाज आहे आणि मजा अशी की खरे रातकिडे मला वीसेक वर्षांत ऐकू आलेले नाहीत.

कानात बोळे घालून बसलास काय, असं आपण सहज म्हणतो. आमच्या कारखान्यात बोळ्यांचा डोंगर होता. आम्ही घालायचोही, समोरच्या ढिगातला कापूस चिमटीने उचलून. फार उशिरा कळलं की साध्या कापसाने आवाज अडत नाही म्हटलं तरी चालेल. त्यासाठी फोमचे दाबून बसणारे प्लग किंवा कानावरचे टोप लागतात आणि ते त्या काळी काही महाग नव्हते. आमच्या मालकांचं नाव घेत नाही. माणूस भला होता, माझ्या पोरीच्या लग्नात पदरचे पैसे मोजले. पण त्या वेळच्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात ज्या आजारांची सरकारला खबर द्यावी लागायची, त्यांत आवाजाने येणारं बहिरेपण होतं, हे मला निवृत्तीनंतर सहा-सात वर्षांनी समजलं. चौतीस वर्षांत आमच्यापैकी एकाचाही कान कोणी तपासला नाही, आणि आम्हीही कधी मागितलं नाही. मशीनची मात्र रोज तपासणी. पेचकसाचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की आतली गोळी कुरकुरते का ते कळतं. लोक म्हणत, आप्पाचा कान म्हणजे कान आहे. बेअरिंग जायच्या पंधरा दिवस आधी मला कळायचं. माझं स्वतःचं कधी गेलं ते कळलं नाही.

त्याचं कारण आहे. कान एकदम जात नाही आणि सगळा जात नाही. लोकांना वाटतं बहिरेपण म्हणजे शांतता. रेडिओचा आवाज कमी केल्यासारखं. तसं असतं तर फार सोपं होतं, मोठ्याने बोलून काम झालं असतं. मला आवाज येतो. गल्लीत ट्रॅक्टर आला ते कळतं, कोणी हाक मारतंय ते कळतं, माणूस आहे की बाई तेही कळतं. शब्द कळत नाही. कान तपासणाऱ्या मॅडमनी हे मला समजावलं तेव्हा कुठे उलगडा झाला. आपल्या बोलण्यात अ, आ, ओ हे स्वर जाड आणि जोरकस असतात, ते सगळे मशीनच्या खालच्या घरघरीसारखे. स, श, फ, थ, ट, क ही व्यंजनं बारीक आणि हलकी, उंच पट्टीतली. मोठ्या आवाजाने कानाचा जो भाग आधी मरतो तो नेमका ह्या उंच पट्टीचा, ४००० हर्ट्झच्या आसपासचा. आत गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळी असते, तिच्यात केसासारख्या पेशी असतात, एका कानात पंधरा हजारांच्या घरात. माणसाच्या त्या पेशी मेल्या की पुन्हा येत नाहीत. बेअरिंग बदलता येतं, ह्या नाही.

मी नातवाला असं सांगितलं, की मला तुमच्या बोलण्यातला काना, मात्रा, वेलांटी ऐकू येते, अक्षर ऐकू येत नाही. साठ, आठ, पाठ, गाठ माझ्यासाठी एकच. भाजीबाजारात वीस आणि तीस एकच. बाजारात ह्याचा फार घोळ होतो. मी तिसाच्या जागी वीस देतो आणि भाजीवाली बाई समजते म्हातारा चालू आहे.

मग मी इतकी वर्षं चालवलं कसं? हे मला २०२० ला कळलं. करोनात सगळ्यांच्या तोंडावर मास्क आले आणि मी एका दिवसात ठार बहिरा झालो. मला वाटलं, हा त्या तापाचा परिणाम, पण मला तर ताप आलाच नव्हता. मी ओठ वाचत होतो! जिनिंगच्या शेडमध्ये शिकलेली विद्या नकळत घरात, बाजारात, लग्नात वापरत होतो. तीही अर्धीमुर्धी विद्या आहे. पोट, बोट, मोट हे तिन्ही शब्द आरशासमोर म्हणून पाहा, ओठ सारखेच हलतात. क, ग, घ तर घशात होतात, दिसतच नाहीत. म्हणजे थोडं कानाने, थोडं डोळ्याने, उरलेलं अंदाजाने. त्यातला अंदाज हा भाग मोठा. म्हणूनच मला घरची अहिराणी बरी कळते आणि बँकेतल्या नव्या साहेबांची हिंदी अजिबात कळत नाही. कानबाई ही आमची खान्देशातली देवी, तिच्या रात्री बायका गाणी म्हणतात ती मला शब्दनशब्द कळतात, कारण लहानपणापासून पाठ आहेत. शेजारचा एक जण म्हणालाही, "आप्पा, कानबाईलेच नवस करा, नावमाच कान शे." हा आपल्या विनोदापेक्षा बरा विनोद आहे.

तर 'हो'बद्दल सांगत होतो. 

आमची चार एकर जमीन आहे, विहिरीवर मोटार. थ्री फेज लाईन रात्रीची. एकदा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, जाताना काहीतरी विचारून गेला. मला त्यातलं 'सकाळ' एवढं कळलं. सकाळी लवकर येऊ का, असं असेल म्हणून मी म्हटलं, हो हो. त्याने विचारलं होतं, सकाळपर्यंत चालू राहू देऊ का? रात्रभर मोटार चालली, बांध फुटला आणि शेजाऱ्याने काढून ठेवलेला हरभरा भिजला. चार गोण्यांचे पैसे भरले. सालदार देवाची शपथ घेऊन सांगत होता, आप्पाला विचारूनच गेलो. मी त्याच्यावर ओरडलो, खोटं बोलतोस म्हणालो. पोराचे कष्टाचे दिवस होते, तरी त्याने वर्ष पुरं केलं आणि गेला. तो खरं बोलत होता हे मला पुढे उमगलं तेव्हा तो सुरतेला कामाला लागला होता.

दुसरी गोष्ट मास्कच्याच दिवसांतली. जळगावला एका दवाखान्यात ब्लडप्रेशर दाखवायला गेलो. डॉक्टरांच्या तोंडावर मास्क, वर पारदर्शक ढाल, मध्ये टेबल, डोक्यावर पंखा. ते बोलले, मी मान हलवली. "कळलं का?" "हो." गोळी अर्धी करा असं त्यांनी सांगितलं होतं, कागदावरही लिहिलं होतं, पण कागद मी खिशात घातला. अठरा दिवस पूर्ण गोळी घेतली आणि एका सकाळी ओट्यावरून खाली आलो. मनगटाला प्लास्टर. सून मला घेऊन पुन्हा गेली. डॉक्टर म्हणाले, मी स्वतः सांगितलं, त्यांना कळलं होतं, ते 'हो' म्हणाले होते. सुनेने माझ्याकडे पाहिलं. ती बारावी शिकलेली पोरगी आहे, पण त्या खोलीत पहिल्यांदा ज्याच्या डोक्यात प्रकाश पडला असं माणूस तीच. "आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?" तोंडासमोर येऊन, मास्क खाली करून तिने विचारलं. मला ऐकू आलं. मी 'हो' म्हणालो. आयुष्यातला तो एक 'हो' खरा.

घरी बायकोने लसणाचं तेल कढवून कानात घातलं. गावात सगळे हेच करतात. कानाच्या डॉक्टरांनी आधी तेल आणि मळ काढण्यातच अर्धा तास घालवला आणि म्हणाले, भाजीला वापरा. मग त्या मॅडमकडे तपासणी. भिंतींना जाड गादी लावलेली लहानशी खोली, बाहेरचा आवाज आत येत नाही. त्या शांततेत माझा रातकिडा एवढा मोठा झाला की मला दार उघडून पळावंसं वाटलं. कानाला हेडफोन, हातात बटण, टीक वाजली की दाबायचं. कागदावर उजव्या कानाचे लाल गोळे आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. डावीकडून चांगल्या सुरू होऊन उजवीकडे उतारावरून घसरत गेलेल्या. सरासरी ५५ डेसिबलची घट.

हा आकडा ध्यानात ठेवा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची घट म्हणजे कमी ऐकू येणारा, ७० पासून पुढे बहिरा. म्हणजे गल्लीत मी बहिरा, घरात मी बहिरा, विनोदात मी बहिरा आणि सरकारी कागदावर मी पाच मार्कांनी नापास. सवलत हवी म्हणून हे लिहीत नाही, आम्हाला दोन वेळचं आहे. पण माझ्यासारखे ह्या फटीत पडलेले फार असणार. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल नातवाने मोबाईलवर काढून दाखवला. जगात दीडशे कोटी माणसांना थोडंफार कमी ऐकू येतं आणि त्यांतल्या ४३ कोटींना इलाज किंवा यंत्राची गरज आहे. उरलेले शंभर कोटींहून जास्त लोक काय करत असतील? माझ्या मते 'हो' म्हणत असतील.

घरातलं सांगतो, कारण खरी झळ तिथे बसते. बायको पहिल्यांदा बोलते तेव्हा मला काहीच येत नाही. दुसऱ्यांदा काहीतरी आल्यासारखं वाटतं आणि मी "आं?" करतो. तिसऱ्यांदा ती ओरडते, ते ऐकू येतं. म्हणजे चाळीस वर्षांच्या संसारात शेवटची दहा-बारा वर्षं मला तिचं फक्त रागातलं बोलणं ऐकू आलं. मऊ बोलत नसेल असं नाही, ते माझ्यापर्यंत पोहोचत नव्हतं. मला वाटायचं ही म्हातारपणी तापट झाली. तिला वाटायचं मी मुद्दाम लक्ष देत नाही. आणि ओरडलेलं चांगलं लागतं असंही नाही. गेलेल्या कानाची एक उलटी खोड असते. हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि जरा मोठं झालं की एकदम कानशिलात मारल्यासारखं बसतं. मग मीच म्हणायचो, "ओरडतेस काय, मी बहिरा आहे का?" पोरं तोंड फिरवून हसायची.

जे मला ऐकू आलं नाही ते घरात 'आप्पा विसरले' म्हणून खपायचं. सांगितलं होतं, विसरले. पोराने तर विसरण्याच्या आजाराचे डॉक्टर शोधायला घेतले होते. मॅडम म्हणाल्या, आधी कान बघा, आणि मधल्या वयात गेलेला कान तसाच सोडला तर पुढे तो आजार होण्याचा धोकाही वाढतो असं संशोधन आहे. दिवसभर अंदाज बांधून बांधून डोकं किती शिणतं ते मला विचारा. संध्याकाळी सात वाजता मी नांगर ओढलेल्या बैलासारखा पडायचो, काम काहीच केलेलं नसताना. म्हणून पारावर जाणं सोडलं. कोणाच्या घरी मयत झाली की दारावर बसायला जायचं, तिथे सगळे खालच्या आवाजात बोलतात, मला काही कळत नाही, आणि तिथे चुकून हसलो तर? ते सोडलं. सुपारी फोडायच्या बैठकी सोडल्या. गावात बोलणं झालं, आप्पाला माज आला, हाक मारली तरी वळून बघत नाही.

नात चार वर्षांची होती तेव्हा तिला कानात सांगायची सवय होती. येऊन गळ्यात हात टाकायची आणि कानाला तोंड लावून गुपित सांगायची. कुजबुजण्यात आवाज नसतोच, नुसता श्वास असतो, स-श-फ-थ. मला कानावर गरम वारा लागायचा, बाकी काही नाही. मी मोठे डोळे करून म्हणायचो, "हो? खरंच?" ती खूष. तिची किती गुपितं माझ्याजवळ आहेत आणि मला एकही माहीत नाही.

आता आक्काचं. लिहू की नको असा दोन दिवस विचार केला.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, चोपडा तालुक्यात दिलेली. २०१८ च्या भाऊबीजेला तिच्याकडे गेलो. अंगणात पोरं फटाके उडवत होती, आत टीव्ही चालू, चार नातवंडांचा गलका. तिने ओवाळलं, मी ताटात पैसे टाकले. ती काहीतरी म्हणाली, खाली ताटाकडे बघत, त्यामुळे ओठही दिसले नाहीत. मी म्हटलं, हो हो आक्का. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. मला वाटलं जास्त पैसे टाकले म्हणून रागावली असेल, किंवा जेवून जा म्हणाली असेल. जेवलो. शेवभाजी होती.

चैत्र गेला, वैशाख गेला, आषाढात ती वारली. तिच्या तेराव्याला भाची म्हणाली, "मामा, आई फार वाट पाहत होती हो तुमची." कशाची, मी विचारलं. सप्तशृंगीच्या गडाची. खान्देश म्हणजे देवीचं माहेर असं आमच्याकडे मानतात, चैत्रात लोक इकडून पायी जातात. आक्काचे गुडघे गेलेले, वीस वर्षांत तिचं जाणं झालं नव्हतं. त्या वर्षी गडावर ट्रॉली सुरू झाली, पायऱ्या चढायला नकोत, हे तिला कोणाकडून तरी कळलं होतं. म्हणून तिने भाऊबीजेला ओवाळणीच्या जागी मागितलं होतं, "चैतमा गडवर लई जाशी ना माले?" आणि मी हो म्हणालो होतो. तिने सगळ्या गल्लीला सांगितलं, भाऊ नेणार आहे. नवं लुगडं काढून ठेवलं होतं. मुलांनी म्हटलं फोन करून विचारू, तर ती म्हणाली, तो हो म्हणालाय, पुन्हा कशाला विचारायचं.

मी भाचीला तेव्हा म्हटलं, अगं, मोसमात काम निघालं. ऐकूच आलं नव्हतं हे सांगितलं नाही. ते ह्या पत्रातून ती वाचेल.

यंत्र २०२२ ला घेतलं, दोन्ही कानांचं, ३८ हजारांचं. ६५ वर्षांवरच्यांना राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत तीन हजार मिळतात, उत्पन्नाची अट आहे. ज्यांना बसत असेल त्यांनी अर्ज जरूर करावा, त्यात बॅटऱ्यांचं वर्ष जेमतेम निघतं. यंत्राबद्दल एकच सांगतो, ते चष्म्यासारखं नाही. चष्मा लावला की त्याच क्षणी दिसतं. यंत्र लावलं की त्याच क्षणी गोंगाट होतो. पहिल्या दिवशी जेवायला बसलो आणि बिबड्याचा, आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडाचा, तुकडा मोडून तोंडात टाकला. असा कडकडाट झाला की मी दोन्ही हातांनी डोकं धरलं, वाटलं छप्पर कोसळलं. वर्तमानपत्राचं पान उलटलं तरी पत्रे वाजल्यासारखं. नळाचं पाणी, चपला, स्वतःचा खोकला. पाच महिने ते डबीत पडून होतं. 'एवढे पैसे घातले आणि लावत नाहीत' हे बोलणं मात्र मला तेव्हा बिनयंत्राचं ऐकू यायचं. मग मॅडमनी पुन्हा बोलावून आवाज जुळवला आणि रोज अर्धा तास, मग एक तास, असं वाढवत न्यायला सांगितलं. मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखायला आठवडे लागतात. आता सकाळी लावतो ते रात्री काढतो. मेमध्ये आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, घामाने यंत्र बंद पडतं. रात्री ते ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवायचं. बॅटरी उडदाच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, मागचा कागद काढला की हवेने चालू होते, म्हणून कागद काढून मिनिटभर थांबायचं. माझ्या आधी बायकोला हे पाठ झालं.

पण यंत्र आलं म्हणजे कान आले असं नाही. हात-दोन हातांवरचं बोलणं बरं येतं, मागच्या खोलीतून आलेलं नाही. लग्नात डीजे लागला की काढून खिशात. (८५ डेसिबलचा आवाज कानाला आठ तास सोसतो, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटं. एवढं ध्यानात ठेवून हळदीत डीजेसमोर नाचणाऱ्या पोरांनी बाकीचं गणित स्वतः करावं.) घरच्यांना मात्र वाटतं, यंत्र आहे ना, मग झालं. ते स्वयंपाकघरातून बोलायला लागले.

तेव्हा आपल्या वाचकांना माझी विनंती अशी. आमच्यासारख्या माणसाला "कळलं का?" असं विचारू नका. त्याला एकच उत्तर आहे आणि ते खोटं आहे. "काय कळलं, सांगा" असं विचारा. डॉक्टर, कंपाउंडर, बँकेतले साहेब, सगळ्यांना हे लागू आहे. आधी नाव घ्या, तोंड इकडे आहे हे बघा, टीव्ही बंद करा, मग बोला. ओरडू नका, जरा सावकाश बोला. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पाच वेळा फेकू नका, शब्द बदला. तीस कळत नसेल तर दहाच्या तीन नोटा म्हणा, नाहीतर बोटं दाखवा. आणि एक शब्द कृपा करून वापरू नका. सगळे हसतात, मी विचारतो काय झालं, आणि कोणीतरी हात झटकून म्हणतं, "जाऊ द्या आप्पा, काही नाही." शिवी चालेल, हे नको. काही नव्हतं तर हसलात कशाला?

विनोद छापत जा. फक्त पुढच्या वेळी बहिऱ्याला 'हो' म्हणू द्या, आणि त्याला जळगावला नेऊन सोडा, तो धुळ्याला निघालेला असताना. तसा मी एकदा गेलो आहे, एसटीने, परतीचं तिकीट काढून.

नाव छापू नये, गावात ओळखतील ते ओळखतीलच. पत्र काटछाट करायचं असेल किंवा काही विचारायचं असेल तर सोबतच्या नंबरवर मेसेज टाका, मी बाराखडी अजून चष्म्याने वाचतो. फोन मात्र करू नका. केलात तर आपण काहीही विचारा, मी हो म्हणेन.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त जिनिंग फिटर,
ता. धरणगाव, जि. जळगाव